गरम गाडी खोटं बोलती

रंगनाथमामा साळवे यांच्याकडं तुम्ही गाडी घेऊन गेलात, तर ते गाडी बघत नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवतात, चटकन उचलतात आणि म्हणतात, "झोपवून आणा."

गाडी झोपवून कशी आणायची, हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. मी म्हणालो, "मामा, इथवर चालवत आणली तर ती गरम होणारच. आणि गार ठेवली तर ती इथवर येणार कशी?" हा प्रश्न मला बिनतोड वाटला होता. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की तीस वर्षं मास्तरकी करूनही मला आपण शेवटच्या बाकावर बसलोय असं वाटलं.

"मंग मी येतो की," ते म्हणाले. "सकाळी साडेपाचला. तवर किल्ली फिरवायची नाय. बॉनेटला हात बी लावायचा नाय. गरम गाडी खोटं बोलती, सर."

साडेपाच हा आकडा ऐकूनच मी दमलो. तसा मी मूळचाच दमलेला माणूस. सिडकोत राहतो, दौलताबादजवळच्या शाळेत मराठी शिकवतो, रिटायर व्हायला चार वर्षं उरली आहेत आणि त्या चारही वर्षांचा शीण मला आत्ताच आलेला आहे. माझी गाडी सोळा वर्षांची, डिझेलवर चालणारी. मी चोपन्न वर्षांचा, चहावर चालणारा. सकाळी उठायची इच्छा आम्हा दोघांनाही नसते.

तर ही गाडी सुरू करताना टिक-टिक-टिक असा आवाज करायला लागली होती. दहाएक मिनिटांत तो आपोआप बंद व्हायचा. कुठलीही कटकट आपोआप बंद होत असेल तर मी तिच्या मागं लागत नाही, हा माझा जुना नियम. पण मग गाडीत धुराचा वास यायला लागला. माझ्यासोबत रोज दोन शिक्षिका येतात. त्या शाळेच्या फाटकापर्यंत गाढ झोपू लागल्या. आमच्या पेशात हे चालायचंच, असं मी धरून चाललो. एके दिवशी मात्र दोघींनाही उतरल्या उतरल्या उलट्या झाल्या, आणि मी पहिल्या तासाला फळ्याकडं तोंड करून नुसताच उभा राहिलो, कारण फळा हलत होता. त्या दिवशी मी घाबरलो.

तीन गॅरेजं झाली. पहिल्या गॅरेजवाल्यानं विचारलं, "आवाज कुठंय?" आवाज नव्हताच. गाडी तिथं पोचेपर्यंत गुणी बाळ झालेली. दुसरा म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, मग काय ते कळेल. तिसऱ्याकडं कॉम्प्युटर होता. त्यानं गाडीला वायरी जोडल्या, पडदा वाचला आणि अतिशय आदरानं मला म्हणाला, "सर, गाडी ठणठणीत आहे. तुम्ही एकदा कान दाखवून या."

शेवटी शाळेच्या शिपायानं सांगितलं, हर्सूलला कानवाले मामा आहेत, त्यांच्याकडं जा.

भानगड काय असते ते मामांनीच मला समजावलं. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून निघणारा जळका धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत ढकलणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा असतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. मामा मेनफोल म्हणतात. तो चार तोंडांनी इंजिनाला टेकलेला असतो, आणि मधे पातळसं पॅकिंग असतं. पॅकिंग जळालं की फट पडते. त्या फटीतून धूर टिकटिक करत बाहेर निसटतो, आणि त्यातला थोडा गाडीच्या आत बसलेल्यांच्या नाकात जातो. बीड तापलं की फुगतं आणि फट तात्पुरती बुजते. म्हणून गाडीचं दुखणं कळायचं असेल, तर ती रात्रभर गार पडून सकाळी पहिल्यांदा डोळे उघडते त्या दोन मिनिटांतच कळतं.

"मानसाचं बी तसंच हाय," मामा म्हणाले. "दिवसा समदे गोड बोलत्यात."

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला ते आले. जुन्या स्कूटरवर पुढं मामा, मागं गयामामी. मामींच्या मांडीवर हत्यारांची पेटी, पेटीवर घडीचं स्टूल, स्टुलावर गुंडाळलेली काळी रबरी नळी, आणि या सगळ्याच्या वर मामींची हनुवटी. मामा उंच, वाळके, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेले. मामी ठेंगण्या, गोल, आणि बोलायच्या नाहीत. मी "या मामी" म्हणालो तर त्या नुसत्या हसल्या आणि मामांनी परस्पर उत्तर दिलं, "गार हाय ना?"

आता माझं नशीब असं, की त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी होतं. आमच्याकडं पाणी आठवड्यानं येतं, तेही पहाटे, तेही पाऊण तास. त्या पाऊण तासात गल्लीतल्या प्रत्येक घरात मोटार सुरू असते, पिंप भरत असतं, कुणीतरी कुणावर ओरडत असतं. आम्ही माणसं सणावारालासुद्धा एवढ्या उत्साहानं उठत नाही.

मामांनी गल्लीकडं बघितलं, मग मामींकडं. मामींनी मान हलवली. लगेच मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर करून गरजले, "खामोश! दोन मिंटं समद्या मोटारी बंद!"

आमच्या समोर काळे वकील राहतात. ते बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "ओ, कोण तुम्ही? आठ दिवसांनी पाणी आलंय!"

"दोन मिंटं."

"कुठल्या अधिकारात?"

"गाडी सकाळी एकदाच खरं बोलती," मामा म्हणाले. "तुमचं पानी परत येईल."

"आठ दिवसांनी येईल!" काळे वकील किंचाळले. पण मामा त्यांच्याकडं पाठ फिरवून चालायला लागले होते. वकिलांना आयुष्यात प्रथमच समोरच्या बाजूचा माणूस युक्तिवाद न ऐकता निघून गेलेला दिसला असावा. त्यांनी रागारागानं जाऊन मोटार बंद केली. वकिलांची बंद झाली म्हणून शेजारच्यांची झाली. गल्ली गप्प झाली.

मग जे झालं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. मामींनी बॉनेटशेजारी स्टूल मांडलं आणि त्यावर बसल्या. ती रबरी नळी साधी नव्हती. तिचं एक टोक इंजिनाकडं जायचं, आणि दुसऱ्या बाजूला तिला फाटा फोडून दोन तोंडं केलेली होती. एक मामांनी आपल्या कानात घातलं, दुसरं मामींनी त्यांच्या कानात. मामींचा दुसरा हात मामांच्या मनगटावर. मी किल्ली फिरवली. टिक-टिक-टिक. मामा डोळे मिटून नळीचं टोक मॅनिफोल्डच्या एकेका तोंडापाशी नेत गेले, एक, दोन, तीन, चार, आणि परत उलटे. नवरा-बायको एकाच नळीला कान लावून, पहाटेच्या उजेडात, जुन्या गाडीवर वाकलेले.

"तीन नंबर!" मामांनी डोळे उघडून निकाल दिला. "बंद करा गाडी. करा रे मोटारी चालू!"

"नळीला दोन तोंडं कशाला, मामा?" मी विचारलं.

मामांनी आधी नळी गुंडाळली. "साक्षीदार दोन पायजेत," ते म्हणाले. "एका कानावर भरवसा ठिवू नये."

आमच्या घरात याचा वेगळाच परिणाम झाला. आमची ही खिडकीतून बघत होती. मी आत गेल्यावर म्हणाली, "बघितलंत? या वयातही बायकोच्या हातातून हात सुटत नाही. नाहीतर तुम्ही." मी म्हणालो, मामींचे गुडघे दुखत असतील, आधार लागत असेल. "बसल्या होत्या त्या," ती म्हणाली. तिचं निरीक्षण माझ्यापेक्षा नेहमीच चांगलं असतं, पण त्यावर विचार करायचा मला कंटाळा आला.

दुरुस्ती तीन दिवस चालली, आमच्या फाटकासमोर, रस्त्यावरच. मॅनिफोल्ड धरून ठेवणारा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, गंजून अडकला होता. मी म्हणालो, जोर लावून काढू. मामांनी पान्हा पाठीमागं लपवला. "जोर लावला की तुटतो. तेल पाजायचं, शेकायचं, बसायचं. सबर करा, सर." आणि खरंच ते रस्त्यावर बसले. तासभर त्या स्टडकडं बघत बसले. मग पुन्हा तेल, पुन्हा शेक. मामी शेजारी डब्यात रॉकेल घेऊन एकेक नट धुवत होत्या. संध्याकाळी तो स्टड मामांच्या हातात आपण होऊन आल्यासारखा आला. वाकलेलं मॅनिफोल्ड लेथवर घासून सपाट करून आणलं, नवं पॅकिंग घातलं, आणि नट आवळायचे ते मधून बाहेर. आधी मधले, मग कडेचे. कडेचे आधी आवळले की मधे फुगतं, हे मामांनी मला निदान वीस वेळा सांगितलं.

तेवढंच ते सांगायचे. इतर काही विचारलं की भलतंच उत्तर. मी म्हणायचो, "मामा, चहा आणू का?" ते म्हणायचे, "मधून बाहेर." मी विचारायचो, "अजून किती दिवस?" ते म्हणायचे, "व्हय, लई बारीक फट हाय." कुणी पाठीमागून हाक मारली तर वळायचे नाहीत. फोन कधी स्वतः उचलायचे नाहीत, फोन मामींकडं. मोठ्या कारागिराचा तिरसटपणा असतो, तो आपण सोसायचा, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. काळे वकील जाता-येता त्यांना काहीतरी टोमणा मारायचे, आणि मामा त्यांच्याकडं बघून शांतपणे मान डोलवायचे. एकदा मात्र वकील गेल्यावर मला म्हणाले, "ह्या मानसाचा स्टड तुटलाय. मधीच शेकला असता तर निघाला असता."

इतर मिस्त्री साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे कुठं येतात ते बघतात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. तसं मी बोलून गेलो, तर मामांचा चेहराच बदलला. "आमच्यात गाडीला आंघोळ घालीत नाय," ते म्हणाले. "ऐकून घेतो. जालना रोडला मोठाली गॅरेजं हायत, सर. तिथं कंपूटर हाय, लिफ्ट हाय, पोरींच्या हातचं गार सरबत हाय. आपल्यापाशी काय हाय? कान. कान गेला की साळवे संपला."

मामींनी तेव्हा रॉकेलच्या डब्यातून मान वर केली नाही. धुतलेला नट पुन्हा धुवायला घेतला.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मामा न बोलावता पुन्हा हजर. नवं पॅकिंग एकदा तापून गार झालं की बसतं, नट किंचित सैल पडतात, मग ते गार गाडीवर पुन्हा आवळायचे. याला मामा दुसरा हात म्हणतात. "पयला हात समदे देत्यात," ते म्हणाले. "दुसऱ्याला कुनी येत नाय." चहा त्यांनी नेहमीसारखा रस्त्यावरच, गाडीला टेकून घेतला. मामींनी स्टुलावर बसून घेतला. मामा पुसलेले पान्हे परत पुसत बसले होते, तेव्हा मामींनी त्यांचं मनगट धरलं. ते लगेच उठले, पेटी बंद केली आणि दोघं गेली.

पुढं दीड वर्ष गाडी गप्प होती. मागच्या सीटवरच्या शिक्षिका जाग्या राहू लागल्या आणि मुख्याध्यापकांविषयी बोलू लागल्या. ते ऐकून मला कधीकधी धूर बरा होता असं वाटायचं.

यंदा थंडीच्या सुरुवातीला टिकटिक परत आली. मी मामींच्या नंबरवर फोन केला. वाजून वाजून बंद झाला. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी शाळेतून आल्यावर, गाडी गरम आहे हे माहीत असूनही, हर्सूलला गेलो.

मामा दारात बसले होते. समोर रॉकेलचा डबा आणि ढीगभर नट. नट चकचकीत होते. तरी ते एकेक उचलून धुवत होते. आत भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर होती, त्यांच्या शेजारी आता गयामामींची. हार त्याच दिवशी सकाळी घातलेला दिसत होता.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. तीस वर्षं भाषा शिकवून अशा वेळी माझ्याजवळ एक वाक्य नसतं.

"उन्हाळ्यात गेली," मामा म्हणाले. "शुगर व्हती. आवाज येतोय का परत?"

मी मान हलवली.

"सकाळी येतो. गार ठिवा."

ते आले. साडेपाचलाच. स्कूटरवर मागं पेटी दोरीनं बांधलेली, त्यावर स्टूल. त्यांनी स्टूल आणलं होतं. नुसतं आणलं नव्हतं, बॉनेटशेजारी त्याच जागी उघडून ठेवलं. नळीच्या दुसऱ्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेला होता. एक तोंड त्यांनी आपल्या कानात घातलं. मी किल्ली फिरवली. टिक-टिक-टिक, मला आत बसून ऐकू येत होतं. मामांनी नळी चारही तोंडांवरून फिरवली. पुन्हा फिरवली. त्यांच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम होता. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीन नंबर."

आवाजात ती गर्जना नव्हती.

त्यांनी वरचा पत्रा काढला, तीन नंबरचे नट सैल केले, बॅटरीचा उजेड मारून बघितलं. मीही वाकून बघितलं. दीड वर्षापूर्वी घातलेलं पॅकिंग कोरं करकरीत. फटीतून धूर निसटला की तिथं काजळी धरते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. इथं काजळीचा ठिपकासुद्धा नव्हता. तीन नंबर त्यांनी ऐकलेला नव्हता, त्यांना तो मागच्या वेळचा आठवला होता.

मामांनी सैल केलेले नट परत आवळले. मग पान्हा खाली ठेवून फाटकाच्या कट्ट्यावर बसले.

"मामा, काय झालं?" मी विचारलं.

"तोंड माझ्याकडं करून बोला, सर," ते म्हणाले. "आन् जरा मोठ्यानं."

आणि मला सगळं कळलं. ते मधून बाहेर, ते न वळणं, तो मामींकडचा फोन. मी स्वतःला मराठीचा मास्तर म्हणवतो, मुलांना ओळींमधला अर्थ वाचायला शिकवतो, आणि माझ्या दारात तीन दिवस बसलेला माणूस बहिरा आहे हे मला कळलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"बारा-तेरा वर्सं झाली," मामा सांगू लागले. "आधी उजवा गेला. मंग डावा. डाव्यात जरा जरा येतं. मोटार येती, भांडन येतं. टिक नाय येत. टिक लई बारीक."

"मग मामी?"

"तिचा कान तयार झाला व्हता. नट धुवायला बसायची ना माझ्यापाशी, बसून बसून. मी पयल्यांदा चुकलो तवा तिथं काय बोलली नाय. घरी गेल्यावर म्हनली, चार नव्हतं वो, दोन व्हतं. मी लई चिडलो. दोन दिवस बोललो नाय तिच्याशी." त्यांनी नळीचं दुसरं तोंड चाचपलं. "मंग मीच ती नळी बनवली. लोकांला सांगितलं, साक्षीदार. इज्जत राह्यली. तिनं कुनाला सांगितलं नाय. सख्ख्या भनीला बी नाय."

"मनगट धरायच्या त्या..."

"बोटानं दाबायची. एक नंबर असला तर एकदा. दोन, तीन, चार. लोकांला वाटायचं, म्हातारा बायकूबिगर ऱ्हात नाय." ते हसले. खरंच हसले. "आन् पाचदा दाबलं म्हंजे, लई झालं, चला आता घरी. मला कामाचं भान ऱ्हात नाय, सर. पाचदा दाबलं की मी उठायचो."

काही बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं.

"आता पाच दाबनारं कुनी नाय," मामा म्हणाले. "बसतो तसाच. धुतलेलेच नट परत धुतो. अंधार पडला की कळतं, दिवस गेला." मग माझ्याकडं वळून, एकदम हळू आवाजात, "तुमी कुनाला सांगू नका. ह्येच्याबिगर मला दुसरं काय येत नाय."

साबणाचं पाणी आणू का, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. आत जाऊन मगभर पाणी आणलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. माझी डोकेदुखी थांबली असती, दोन शिक्षिकांचा जीव वाचला असता आणि मामांचा गेला असता.

"मामा, आज गाडी गरम झाली," मी त्यांच्याकडं तोंड करून म्हणालो. "उद्या झोपलेली ठेवतो. उद्या या."

"उद्या रविवार. पानी हाय तुमच्या गल्लीत," ते म्हणाले. मामींनी पाण्याचे वार पाठ करून ठेवले असणार, आणि ते त्यांना अजून आठवत होते.

"असू द्या."

रविवारी मी पाच वाजता उठलो. बायकोनं मला ताप आहे का बघितलं. मामा आले, स्टूल मांडलं, आणि मी त्या स्टुलावर जाऊन बसलो. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी नळीच्या दुसऱ्या तोंडातला बोळा काढला, ते कानात घातलं आणि त्यांचं मनगट धरलं. हाडकुळं मनगट, तेलानं गुळगुळीत झालेलं. किल्ली फिरवायला बायकोला बसवलं होतं. तिला मी काही सांगितलं नव्हतं, आणि तिनं काही विचारलं नाही.

"खामोश!" मामा गरजले.

समोर काळे वकील आधीच दारात उभे होते, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत. "दोन म्हणजे दोनच मिनिटं हं!" असं म्हणत त्यांनी स्वतःच मोटार बंद केली, आणि शेजारच्यांवरही ओरडले.

गाडी सुरू झाली. नळीतून आधी नुसता गदारोळ आला. मला वाटलं, हे आपल्याला जमणार नाही. मामा नळी पुढं सरकवत होते. एक, दोन, तीन, चार. काही नाही. मी घाबरून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "सबर." परत उलटे. चार, तीन, दोन. आयुष्यात मी कुणाचं इतकं नीट ऐकलं नव्हतं. वर्गातल्या मुलांचं नाही, गाडीत आत्ता किल्ली धरून बसलेल्या बायकोचं नाही. एकच्या तोंडाशी नळी आली आणि सगळ्या गदारोळातून बाजूला निघून एक बारीक, कोरडी टिक माझ्या कानात आली. पुन्हा आली. पुन्हा आली.

मी एकदा दाबलं.

मामा हलले नाहीत. मी परत दाबणार होतो, पण परत दाबलं तर दोन होईल हे लक्षात आलं आणि थांबलो.

"एक नंबर!" मामांनी गल्लीला सांगितलं. "करा मोटारी चालू!"

एक नंबरचं पॅकिंग काळंठिक्कर जळालेलं निघालं. मामांनी ते मला दाखवलं, मग मामींच्या स्टुलाच्या दिशेनं जरा वर धरलं, आणि पेटीत ठेवून दिलं. संध्याकाळपर्यंत नवं पॅकिंग बसलं, नट आवळून झाले, मधून बाहेर.

सोमवारी पहाटे ते दुसरा हात द्यायला आले. आवळून झालं. गाडी सुरू केली, तिचा फक्त घरघर आवाज. काम संपलं होतं. पण मामांनी पान्हे पुसायला घेतले. सगळे पुसून झाले. मग पहिला पुसलेला परत घेतला. मी फाटकात चहाचा कप घेऊन उभा होतो, नेहमीसारखा बाहेर नेऊन द्यायला. मामा चहा रस्त्यावरच घेतात, त्यांना तसंच आवडतं, असं मी दीड वर्षापूर्वी ठरवून टाकलं होतं. आत या, असं मी त्यांना कधी म्हटलं होतं का, हे मी आठवून बघितलं. म्हटलं नव्हतं.

कप मी कट्ट्यावर ठेवला, स्टुलावर जाऊन बसलो आणि त्यांचं मनगट धरून पाचदा दाबलं.

मामांचा हात थांबला.

"हळू, सर," ते म्हणाले. "लई जोरात दाबता तुमी. ती हळू दाबायची."

मी परत दाबलं. हळू. एक, दोन, तीन, चार. पाच.

"व्हय," मामा म्हणाले. त्यांनी फडकं पेटीत टाकलं, पेटी बंद केली, स्टूल मिटून काखेत घेतलं, आणि माझ्या मागोमाग येऊन आमच्या फाटकात वाकून चपला काढल्या.